भाकरी बंद करा म्हणणारे लोक

बाई, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या माघारी सोलापुरात तब्येतीची दुकानं निघाली आहेत, ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. दुकान म्हणते ते रागानं नाही, ती खरंच दुकानं आहेत. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतीवर फुगलेल्या दंडांची चित्रं, आणि किराणा मालाच्या दुकानात तुपाचे डबे मांडावेत तसे काउंटरवर पावडरीचे डबे. आत माणसं पट्ट्यावर पळतात आणि जिथल्या तिथेच राहतात. खाली गाडी लावायला जागा मिळत नाही, कारण पलीकडच्या गल्लीतले लोकसुद्धा तिथे चालायला गाडीवर बसून येतात. तुम्ही हे पाहिलं असतंत तर आधी पोट धरून हसला असतात आणि मग सगळ्यांना उन्हात मैदानाच्या कडेनं पळवलं असतंत.

तुम्ही आम्हाला पी.टी.ला होतात. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदान म्हणजे नुसता मुरूम. पडलं की गुडघा सोलायचाच. तुम्ही चिडलात की कानडीत यायचात, "ओडु, ओडु!" आमच्यातल्या निम्म्या पोरींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी उर्दू, पण पळ म्हणजे काय ते तुमच्या आवाजावरूनच कळायचं. मी आठवीत असताना वडिलांनी माझा खो-खो बंद केला. त्या रविवारी तुम्ही न सांगता घरी आलात. आई चुलीपुढे बसली आहे, तुम्ही पाट ओढून तिच्याशेजारी बसता. बाहेर हातमागावरून वडील ओरडतात, "पोरीच्या जातीला पळून काय करायचंय?" तुम्ही तव्यावरच्या भाकरीकडे बघता. आईला विचारता, "हिला काय घालता खायला?" आई म्हणते, "असंल ते. भाकरी, आमटी." "मग उद्यापासनं अर्धी भाकरी जास्त घाला. माझ्याकडं पळती ती." जणू परवानगीचा प्रश्न कधी निघालाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात अर्धी भाकरी जास्त आली, आणि वडील नुसते पुटपुटत राहिले.

एकदा मी शुक्रवारचा उपास धरून मैदानावर आले होते. तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि सगळ्यांदेखत झापलंत, "उपाशी पळायला आलीस? कुणी सांगितलं तुला? रिकाम्या पोटी शूरपणा दाखवायचा न्हाय माझ्यासमोर." मग पिशवीतून मूठभर शेंगदाणे काढून माझ्या ओंजळीत घातलेत. एवढंच तुमचं आहारशास्त्र. ते कुठल्या काचेवर छापलेलं नव्हतं.

मी आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळते. कामगारांची हजेरी, रजा, तक्रारी, सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी आमच्या मालकांना एका जिमवाल्यानं गाठलं. कामगारांसाठी आरोग्य शिबिर घेऊ म्हणाला, समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे म्हणाला. समाज हा शब्द ही माणसं पावडरीसारखा वापरतात, पाण्यात टाकला की फेस येतो. शिबिराच्या दिवशी घट्ट बनियनमधले दोन कोच आले, मशीन लावलं, बॅनर लावला. कामाची पाळी सुटल्यावर दिवसभर उभ्या राहिलेल्या बायकांना पुन्हा रांगेत उभं केलं. अनवाणी मशीनवर चढायचं, दोन मुठी धरायच्या, की मशीन अंगातली चरबी सांगणार आणि शरीराचं वय सांगणार. वय सांगून झालं की हातात पावडरीच्या डब्यावर सवलतीचं कूपन.

कांडीवर सूत भरायच्या मशीनवर एक पोरगी आहे, होटगीहून येते, घरी कानडी. लग्नाला वर्ष झालेलं, सासरी तिला जाडी म्हणतात. ती मशीनवरून उतरली ती रडवेली होऊनच. "मॅडम, मशीन म्हणतंय माझं वय चाळीस हाय." तिला पंचविसावं लागलं होतं. मी म्हटलं, "मशीनला काय कळतंय? जा घरी." पण कोच तिच्या मागेच उभा होता. "ताई, घाबरू नका. फक्त भाकरी बंद करा. सगळं भाकरीनंच होतंय." ती म्हणाली, "मग खायचं काय?" त्यानं डबा दाखवला.

बाई, सोलापुरात उभं राहून, ज्वारी खाऊन मोठ्या झालेल्या पोरीला हा माणूस भाकरी बंद कर म्हणत होता, आणि त्याला लोकांचं आरोग्य सुधारणं म्हणत होता.

पोरीनं डबा घेतला. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास, मध्ये काही नाही. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे सोडायच्या, तेव्हा ही नळावर जाऊन पाणी पीत बसायची. मला हे नंतर कळलं. एका दुपारी ती मशीनपुढेच कोसळली. शेजारच्या मावशीनं तिचा पदर धरून ओढलं म्हणून ती चालत्या पट्ट्यात गेली नाही. कपाळ तेवढं मशीनच्या कडेवर फुटलं. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही जेवते का?" पोरगी पडल्या पडल्या म्हणाली, "न्हाय मॅडम, मी फिट होतेय की."

मी तिच्याकडून तो पावडरीचा डबा घेऊन सरळ जिमवाल्याकडे गेले. तो मला बसा म्हणाला, लिंबूपाणी घेणार का म्हणाला. मी डबा काउंटरवर आपटला.

"मॅडम, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते," तो म्हणाला. "आम्ही फक्त जनजागृती करतो."

"तिची बॉडी दिवसभर मशीनपुढं उभी असते, ते विचारलं होतं का तिला?"

"म्हणजे उभं राहण्याचा व्यायाम होतोय, चांगलंय की. पण त्यात कार्डिओ नाही ना."

हे तो मनापासून म्हणाला, बाई. त्यात लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. माणूस कष्ट करतो, उन्हातून येतो, कापसाची धूळ छातीत ओढतो, हे त्याच्या मशीनवर कुठेच उमटत नाही.

परत आले तर मालकांच्या टेबलावर जिमवाल्यानं दिलेलं मानचिन्ह, आरोग्यप्रेमी उद्योग म्हणून. मी म्हटलं, "मालक, हे शिबिर परत होणार नाही. आणि बायकांना बसायला काहीतरी द्या, जेवायला पुरती सुट्टी द्या, धूळ ओढायला पंखे लावा." मालक म्हणाले, "बसल्या तर काम कोण करणार?"  नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हे डोक्यात होतं. तरी मी म्हणाले, "मग पुढच्या खेपेला कुणी पडलं तर तुम्ही उचला. मी उद्यापासनं येत नाही." मालकांनी ते मानचिन्ह टेबलावर इकडून तिकडे सरकवलं. शेवटी म्हणाले, "बघू की. एवढं चिडता कशाला?"

महिनाभरात स्टूल आले. भिंतीत धूळ ओढणारे पंखे बसले. मालकांनी स्टुलांच्या वर 'वेलनेस कॉर्नर' अशी पाटी ठोकली आणि खाली स्वतःचा फोटो काढून घेतला. काढू दे. पोरगी परत कामावर आली आहे. कपाळावर व्रण राहिला आहे. भाकरीचा डबा उघडून स्टुलावर बसून जेवते आणि सासूला उलटून बोलायला लागली आहे असं ऐकते. आमच्या कारखान्यात कुणाची तब्येत सुधारलीच असेल, तर ती पंख्यानं आणि स्टुलानं. जिमवाल्याला मात्र मध्यंतरी कुठल्याशा क्लबनं आरोग्यदूत म्हणून शाल घातली. फोटो पाहिला. शाल दंडांवर पुरत नव्हती.

हे पत्र कुठं टाकायचं असतं ते मला माहीत नाही, म्हणून घडी घालून कपाटात साड्यांखाली ठेवणार आहे. एक गोष्ट मात्र सांगूनच ठेवते, कारण तुमच्याशी खोटं बोलायची सवय नाही. मला साखर निघाली आहे. डॉक्टरांनी दटावलं म्हणून घराजवळच्या एका जिममध्ये सकाळची जाते आहे. तीही तसलीच, काच आणि डबे. पण साखर उतरली आहे, बाई, आणि जिना चढताना आता मध्ये थांबावं लागत नाही. हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. विचारलं तर देवळात जाते म्हणते.