गेटवर पुकारलेलं माझं नाव

प्रिय आत्ये,

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय. समोर असतीस तर म्हणाली असतीस, "हिका दुसरो धंदो नाय." नाही तर नाही. काल चाळीच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तुझ्या वाइंडिंग खात्यातल्या बायका आल्या होत्या, संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं आली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ते तू डोळ्यांनी बघून गेलीस, असं सगळे म्हणाले. आणि जो उठला त्याने एकच गोष्ट सांगितली, मिलच्या गेटवर पदर पसरून तू भाचीला क्षयातून वाचवलंस ती. शेवटी कुणीतरी मला पुढे ओढलं. "हीच ती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, आत्ये. मी हात सोडवून घेतला आणि खोलीत येऊन दार लावलं. आता सगळी चाळ मला कृतघ्न म्हणतेय.

म्हणू देत. त्या संध्याकाळी मी कुठे होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मी गॅलरीत खाटेवर पडले होते. गेटवर संयुक्त महाराष्ट्राची सभा चालली होती आणि लाउडस्पीकरचा एक कर्णा आपल्या चाळीच्या खांबाला बांधलेला. पुढाऱ्यांचं भाषण संपलं आणि तुझा आवाज आला. "मुंबई घेवच. पण माझी भाची मराक लागली हा, तिचा आधी बघा." मग तू माझं नाव घेतलंस. आडनावासकट. वय सांगितलंस, खोली सांगितलीस, खोकताना रक्त पडतं तेही सांगितलंस. इंजेक्शनच्या सुया बाजारातून विकत आणाव्या लागतात, तुझ्या पगारात भागत नाही, म्हणालीस. शेजारच्या खोल्यांतली भांडी वाजायची थांबली. तोवर आपण सगळ्यांना 'बारीक ताप आहे' म्हणून सांगत होतो, आठवतं ना? मला पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचं होतं. हातात तेवढीही ताकद नव्हती.

मला एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? सकाळी कामावर जाताना तू मला पेज भरवलीस. तेव्हा तुझ्या मनात हे होतंच ना?

पैसे मिळाले. नाही कशाला म्हणू? बायकांनी दिले, खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरने दिले, शीव कोळीवाड्याहून येणाऱ्या मासेवालीने दिवसभराचे सुटे तुझ्या पदरात ओतले. त्या सुयांवर मी उठले. पण ज्यांनी पैसे टाकले त्यांनीच दुसऱ्या दिवशी नळावर आपला हंडा दिसला की स्वतःचे हंडे बाजूला ओढले. गिरगावच्या मंडळींनी माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाचा काका आला तो उंबऱ्यातच उभा राहिला, पाण्यालासुद्धा हात लावला नाही. आणि बरी झाल्यावर? रस्त्यात साधा ठसका लागला तरी लोक वळून बघायचे, आपले पैसे फुकट गेले की काय म्हणून. हिंदमाताला ब्लाउजचं कापड घ्यायला गेले तर दुकानातला माणूस म्हणतो, "त्या वेळी मीही दिले होते हां." आता त्याच्याशी घासाघीस करायची कशी, तूच सांग.

का केलंस असं, हे मी तुला एकदाच विचारलं. तू वाटण वाटत होतीस. मानही वर केली नाहीस. "जीव वाचलो ना? मगे गप ऱ्हव." मला तुझा राग येतो, आत्ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं, आणि तरी येतो.

हेही मी गिळलं असतं. पण आज सकाळी तळमजल्यावरची सावंतकाकी आली. तिची कुंदा, सोळा वर्षांची, कधीची खोकतेय. काकीने दार ओढून घेतलं आणि सांगितलं, डॉक्टर क्षय म्हणतात. औषध परवडत नाही, म्हणून पोरीला गावी पाठवतेय. अशा गावी पाठवलेल्या पोरी परत येत नाहीत, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हटलं, "काकी, गेटवर सांगूया. लोक देतील." तर माझ्याकडे बघून म्हणाली, "नको गो बाय. माझ्या पोरीचा तुझ्यासारखा होवक नको."

"माझ्यासारखं म्हणजे कसं, काकी?" मी विचारलं. "जिवंत?"

ती रडायला लागली. मला तिचा राग आला, तुझा आला, काल टाळ्या वाजवणाऱ्यांचाही आला. दोन पैसे द्यायचे तर माणसाची अब्रू कशाला मागून घेतात हे लोक?

मग मी खाली गेले. कुंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशाशी भरलेली ट्रंक. मी तिलाच विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "मला गावी नाही जायचं. पण ताई, माझं नाव नको ना सांगूस." एवढंच मलाही म्हणायचं होतं गं. मला कुणी विचारलंच नाही.

तर ऐक. काकीला मी ट्रंक रिकामी करायला लावलीय. पगाराच्या दिवशी तुझ्याच गेटवर मी उभी राहणार. कुंदाचं नाव, मजला, खोली, काही काही सांगणार नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणेन, नाव पाहिजे ना, माझं घ्या, ते तुम्हाला पाठ आहे. मला क्षय झाला होता, तुम्ही पैसे दिलेत, मी तुमच्यासमोर उभी आहे. अशीच आणखी एक पोर आहे. द्यायचे तर द्या, आणि नंतर तिला शोधत फिरू नका. तुझ्यासारखा आवाज मला नाही, धापही लागेल. तरी पुरी गर्दी पांगेपर्यंत मी हलायची नाही.

तुला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. कुंदा बरी होऊन याच गेटसमोरून चालत जाऊ दे, आणि एकानेही तिच्याकडे वळून बघितलं नाही, की मग माफीचं बघू.

तुझी,
शालन