बाहेरची कडी

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

धुळ्याच्या जेलमधली शिपाईगिरी सोडून परिवीक्षा अधिकारी झालो, त्याला तीन महिने झाले. आता सुटलेल्यांच्या घरी जाऊन कसं चाललंय ते विचारायचं.

आज यावलला भिकनकडे गेलो. पूर्वी माझ्याच पहाऱ्याच्या बराकीत कैदी होता. त्याच्या आईनं चहा दिला. निघून चार पावलं गेलो, तर आतून तिचा आवाज, "भाऊ, कडी कशाले लावली?"

बाहेरून कडी मीच लावली होती. ओढूनही पाहिली असणार, सवयीनं. परत जाऊन काढली. म्हातारी हसली. मला लाजसुद्धा वाटली नाही. का नाही?

भिकन भिंतीशी उकिडवा बसला होता. त्यानं हाक मारलीच नव्हती. कडी निघाली तरी तो तसाच.

मी "ऊठ" म्हणालो, तेव्हा उठला.