दादाचं मत

४ मार्च, सोमवार

झाला एकदाचा कायदा.

ड्यूटी संपवून कपडे बदलायच्या खोलीत गेले तर सगळ्या नर्स टीव्हीसमोर. पडद्यावर दादा, सभागृहात कायद्याच्या बाजूने मत देऊन बाहेर पडलेला. त्यांच्यातली धाकटी म्हणाली, "सिस्टर, तुमचे भाऊ." जसं काही मला ओळखू येणार नव्हता.

यापुढे गर्भपातासाठी तीन जणांच्या समितीच्या सह्या हव्यात. बाईच्या जिवाला धोका असला तरी हव्यात. समिती बसणार दर मंगळवारी. म्हणजे धोक्यानेसुद्धा वार बघून यायचं.

वार्ताहराने विचारलं, तुमचं वैयक्तिक मत काय? दादा शांतपणे म्हणाला, "जे माझ्या मनात, तेच कायद्यात." इतका शांत तो फक्त पाठ केलेलं म्हणताना असतो. मी बूट काढले आणि घरी आले.

५ मार्च, मंगळवार

आईचा फोन. टीव्हीत दादा किती छान दिसला, म्हणाली. मी म्हटलं, हो, शर्ट चांगला होता.

१३ मार्च, बुधवार

सकाळी एक प्राथमिक शाळेतली शिक्षिका दाखल झाली. वय एकोणतीस, पहिलीच खेप, साडेचार महिने. फळ्यावर लिहिता लिहिता पाणी गेलं. नवरा वायरमन, कामावरून तसाच धावत आला – कमरेला पक्कड, टेस्टर, सगळं लटकत होतं.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. बाळ वाचणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पण ठोके चालू. आणि ठोके चालू असताना काहीही केलं तर तो कायद्याने गर्भपात. म्हणजे समिती. समिती कालच बसून उठली!

मॅडमनी दिवसभर फोन केले. संध्याकाळपर्यंत दोन सह्या झाल्या. तिसरी अध्यक्षांची, ते परगावी लग्नाला. म्हणाले, समोर बसून चर्चा झाल्याशिवाय मी सही करत नाही. तत्त्वाचे आहेत म्हणे. दुसऱ्याच्या जिवावर तत्त्वं पाळायला काय जातं!

१४ मार्च, गुरुवार

ताप १०१.

तिने पिशवीतून मुलांच्या वह्या काढल्या. पडून तरी किती राहायचं, म्हणाली. मला एक वही दाखवली – "हा बघा, वर्षभर अडत होता, आता सातचा पाढा अख्खा बरोबर लिहिलाय."

मी सलाईन बदलत होते तेव्हा तिने विचारलं, "सिस्टर, समितीच्या त्या कागदावर माझीही सही घेतली. मी याला मारतेय का?"

मी नाही म्हटलं. इतकी ठाम मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी ताप १०३. नाडी धावतेय, अंग थरथरतंय, वह्या खाली पडलेल्या. दादाला चार फोन केले. चारही वेळा त्याचा सहायक – "साहेब बैठकीत आहेत, ताई." मी म्हटलं, इथे एक बाई मरतेय, सांगा त्याला. तो म्हणाला, निरोप देतो.

मॅडम औषधांच्या कपाटापाशी उभ्या. "मी आत्ता हात लावला तर मला तुरुंग. नाही लावला तर हिला –" सव्वाबाराला ठोके आपोआप थांबले. बारा वीसला तिला आत घेतलं. कायद्याची अडचण संपली ना! पण विष अंगभर पसरलं होतं. गर्भाशय काढावं लागलं.

जगली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला.

मॅडमवर रागावू की कायद्यावर? आज दोघांवर रागावले. स्वतःवर जास्त. ज्या घरात तो कायदा शिजला त्या घरची मी.

१७ मार्च, रविवार

दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं. माझं तोंड बघून काही न विचारता चहा ठेवायला आत गेली.

मी सगळं सांगितलं. ताप, वह्या, लग्नाला गेलेले अध्यक्ष. दादाने खोलीचं दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझं सगळं पटतं मला. अगदी मनापासून. हे डॉक्टरवरच सोडायला हवं होतं."

मी खुर्ची मागे सरकवली.

"मग मत का दिलंस?"

"माझं मत वेगळं, मी दिलेलं मत वेगळं. तुला नाही कळायचं राजकारण. माझ्या भागातल्या लोकांना हेच हवंय."

"त्या बाईला नको होतं. तीही तुझ्याच भागातली."

मग तो चिडला. "आणि तू कुठली मोठी लागून गेलीस? तेवीस वर्षं गर्भपाताच्या खोलीत पाय ठेवला नाहीस. ड्यूट्या बदलून घेतेस. मला माहीत नाही होय?"

खरं होतं. मग म्हटलं, "मी आत जात नाही, दादा. पण बाहेरून कडीही घालत नाही."

वहिनी चहा घेऊन आली होती, किती ऐकलं कोण जाणे. कप ठेवून तिने एवढंच विचारलं, "आता कशी आहे ती?"

निघताना दादा म्हणाला, पुढच्या आठवड्यात दुरुस्ती येतेय – जिवाला धोका असेल तर डॉक्टरने एकट्याने ठरवायचं. बघतो.

१९ मार्च, मंगळवार

आज समिती बसली म्हणे. तिच्या अर्जावर शेरा मारला – विषय उरला नाही.

दादाचं बोलणं डोक्यातून जात नाही. मला गर्भपात पटत नाही हे खरंच आहे. का, ते धड सांगताही येणार नाही. धर्म वगैरे नाही. हात पुढे होत नाही, बस. सुरुवातीला आधीच्या मॅडमना तसं सांगितलं, त्या म्हणाल्या ठीक आहे, दुसरी जाईल. दुसरी जात होती म्हणून माझं मन माझ्यापाशी सुखरूप राहिलं. त्यापायी कुणाचा जीव गेला नाही.

दादाच्या मनात एक आणि कायद्यात दुसरं. माझंही तसंच. फक्त उलटं. आणि लोक चांगला कुणाला म्हणतात? त्याला.

२६ मार्च, मंगळवार

दुरुस्ती पडली. अकरा मतांनी. विरोधात हात वर करणाऱ्यांत दादा – दुसऱ्या रांगेत, टीव्हीवर स्पष्ट दिसला.

त्याचाच फोन आला. "समजून घे. मे महिन्यात निवडणूक आहे. मनातून मी तुझ्याच बाजूचा आहे, तुला माहितीये."

"मनातल्या बाजूने ताप उतरत नाही, दादा," म्हटलं आणि फोन ठेवला. दोन तास भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

२८ मार्च, गुरुवार

शिक्षिका घरी गेली. चाकाच्या खुर्चीतून फाटकापर्यंत मीच नेलं. ती वाटभर मांडीवरच्या वह्या धरून बसली होती.

तिला रिक्षात बसवल्यावर नवरा माझ्याकडे वळला. "तुम्ही त्यांची बहीण ना? कालच कळलं." रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "या वेळी पाडायचंच त्यांना, असं ठरवलं होतं. पण समोर उभं राहायलाच कुणी तयार नाही. बिनविरोध येणार म्हणतात. मग आम्ही मत द्यायचं कुणाला, सांगा?"

घरापर्यंत चालत आले. चार किलोमीटर.

१२ एप्रिल, शुक्रवार

सरकारी नोकरीचा राजीनामा मंजूर झाला. दुपारी निवडणुकीचा अर्ज भरला. दादाविरुद्ध.

अर्जावर सूचकांच्या सह्या लागतात. पहिली वहिनीने केली.