डावा जबडा आणि मिलिंदचा स्क्रूड्रायव्हर

३ मार्च, पासिर रिस
नवरोबा मिलिंद जहाजावरून घरी आला, नऊ महिन्यांनी. त्याला भाकरी, मला आमटीत कालवलेला मऊ भात. पकडलंच त्याने. "तोंड उघड बघू." दोन बोटंही जात नाहीत. डेंटिस्ट म्हणाली होती टीएमजे, जबड्याचा सांधा. "तुम्ही टेन्शनने दात आवळता." अर्ध्या ऑफिसला असतं म्हणे. झोपताना दातांवर प्लास्टिकची पट्टी लावतेय की! "किती दिवस?" आठ महिने. फोनवर सांगितलं नाही म्हणून चिडला. समुद्रात बसून काय करणार होतास, बाबा?

५ मार्च
कहर! जहाजाच्या इंजिनरूममध्ये बिघाड शोधायला बेअरिंग ऐकतात, तसं मिलिंदने केलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ स्वतःच्या कानाला, टोक माझ्या जबड्यावर. लेक सांची हसून लोळायची बाकी. "आई, ओपन बिगर लाह!" हे तिचं इथल्या शाळेतलं इंग्रजी. मिलिंद हसला नाही. "उजवीकडे शांत आहे. डावीकडे आत खडे फिरतायत. ही नुसती झीज नाही." म्हटलं, मी तुझा पंप नाही. तरी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीच.

१४ मार्च
एमआरआयचा रिपोर्ट. खरंच खडे! सांध्याच्या अस्तरातून कूर्चेचे दाणे सुटतात, साबुदाण्याएवढे. सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिस. हा आजार क्वचित होतो, दिसतो मात्र टीएमजेसारखाच. कॅन्सर नाही. बाहेर येऊन रडले. "मी म्हटलं होतं ना" असं मिलिंद एकदाही म्हणाला नाही. फार आवडला मला तेव्हा.

पण ऑपरेशन. कानापुढून. चेहऱ्याची नस अगदी लागून. ती दुखावली तर डावी बाजू हसणार नाही, काही महिने, किंवा कधीच, असं डॉक्टर म्हणाले.

२ एप्रिल
उद्या ऑपरेशन. मिलिंदने जहाजावर जायचं पुढे ढकललं. चहा झाल्यावर कॅलिपर, त्याचा मापाचा चिमटा, घेऊन हजर. "मशीन उघडायच्या आधी रीडिंग घ्यायचं असतं." तोंड उघडतं बावीस मिलिमीटर. लिहिलं. मग म्हणाला, "आता हस." डोळ्याच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, डावीकडे, उजवीकडे. कॅलिपर सारखा घसरत होता वेड्याचा. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं. "हलू नकोस गं!" मला खरंच हसू आवरेना. आणि भीतीही वाटत होती, खूप.

शेवटी जुळले आकडे. सांचीची फूटपट्टी घेऊन त्याने शेजारी आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, "नंतर". खाली डावी बाजू, उजवी बाजू. दोन्ही कोऱ्या.