टाचेची खूण

बॅलरॅट, ४ मे १९२३

प्रिय ल्यूक,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आठवतं का, सोमवारी धुणं वाळत घातलं की तू आणि कॉन परसात दोरीवरून चेंडू खेळायचात आणि आई चादरींच्या काळजीने दारात उभी राहायची? कॉन उडी मारून चेंडू वरच्यावर झेलायचा आणि मातीत टाच रोवून ओरडायचा, खूण. मग त्याला कोणी हात लावायचा नाही. तू खुणेवर येऊन हात वर केलेस की तो मागे सरून लाथ मारायचा. तू उभा राहिल्याशिवाय लाथ नाही, हा तुमचा परसातला कायदा.

आता त्याचा गुडघा गेलाच आहे, डोकंही साथ देत नाही. जेवण झालं की परसात जातो, टाच रोवतो आणि छातीशी हात धरून थंडीत उभा राहतो. आत आणू गेलं तर ढकलतो. परवा शेजारच्या मिसेस ड्रिस्कॉल कोबीच्या वाफ्यात पडल्या. उठून म्हणाल्या, तरुणपणी कॉन टिअर्नीने आपल्याकडे पाहिलंही नाही, आता निदान धक्का तरी दिला.

डॉक्टर म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळात पाठवा. भाऊ म्हणून तुझी संमती लागेल. तुझं मत कळव.

तुझी बहीण,
विनी

मेलबर्न, ९ मे

प्रिय विनी,
सा. न. वि. वि.

मला वाटतं पाठवावं. उद्या त्याने तुला ढकललं तर उचलायला कोण आहे? पुढच्या शनिवारी येऊन संमती देतो.

इथे फुटबॉलचा विषय निघाला की लोक अजून त्याचं नाव काढतात. माझा न्हावी सांगत होता, त्याने कॉनला एका गड्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून आभाळातून चेंडू काढताना पाहिलंय. मी त्याचा भाऊ म्हटल्यावर विचारतो, मग तुमची उंची कुठे गेली? ज्या दिवशी कॉनचा गुडघा मोडला, त्या दिवशी हाच न्हावी प्रेक्षकांत बसून पुढचा खेळ पाहत होता. कॉनला उचलून नेलं तेव्हा कोणी मान वळवली नाही. पुढे रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलताना तर त्याला कोणी ओळखलंही नाही.

मिसेस ड्रिस्कॉलना नमस्कार. कोबीलाही.

तुझा,
ल्यूक

बॅलरॅट, १३ मे

प्रिय ल्यूक,
अनेक आशीर्वाद वि. वि.

संमती देऊ नकोस. काल तो उभा होता आणि मी धुणं काढत होते. चादर ओढायला दोन्ही हात वर केले, तर माझ्याकडे बघून तो मागे सरला आणि रिकाम्या हवेत लाथ मारली. मग विचारलं, दोरीपलीकडे गेला का? मी म्हटलं, गेला. तसा मुकाट्याने आत येऊन चहा प्याला. पिता पिता म्हणाला, ल्यूक आणखीच बुटका झालाय.

हा हट्ट नव्हता, ल्यूक. झेल घेतलेल्या माणसाला आपण हात लावत होतो, आणि खुणेवर कोणी उभंच नव्हतं.

डॉक्टर स्कॉटलंडचे, आपला इथला खेळ त्यांना ठाऊक नाही. त्यांना हे समजावताना मला शाळेत सिस्टर इग्नेशियसपुढे धर्माची पाठ केलेली प्रश्नोत्तरं म्हणत असल्यासारखं वाटलं. त्यांनी महिन्याची मुदत दिली आहे. शनिवारी ये, पण हात वर करायला ये.

विनी

बॅलरॅट, २२ सप्टेंबर

प्रिय ल्यूक,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू हिवाळाभर दर शनिवारी आलास म्हणून कॉन आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेला. पुन्हा मुदतीचं नाव निघालं नाही. दफनाच्या दिवशी गर्दीत हे बोलायचं राहिलं.

त्याच्या वस्तू वाटायच्या आहेत. क्लबाची मखमली टोपी तुझ्या न्हाव्याला दे, मात्र ती आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेव आणि उंचीचं काही बोलू नकोस. लोकरी जर्सी मिसेस ड्रिस्कॉलनी मागितली. कशाला ते मी विचारलं नाही. जपमाळ मी त्याच्याबरोबरच पाठवली. बूट तुझे. होणार नाहीत, तरी ने.

परसातला टाचेचा खड्डा माझ्याकडे राहील. धुणं घालताना मी त्याला वळसा घालून जाते. माझ्यानंतर घर विकलंस, तर आधी त्यावर येऊन हात वर करून उभा राहा. मग नव्या माणसांना तो बुजवू दे.

लोभ आहेच, शनिवारीही असू दे.

विनी