बिशप माझं ऐकत नाही

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून बिशपला शिस्त.

कुत्र्याला हे नाव मी दिलेलं नाही. क्लेमने दिलं, मला चिडवायला. नन्सच्या हाताखाली शिकलेल्या बाईने माळावर उभं राहून "बिशप, खाली बस" असं ओरडावं, यात माझ्या नवऱ्याला वर्षानुवर्षं गंमत वाटत आली. क्लेम जूनमध्ये गेला. मेंढरं जुलैत विकली. कुत्रा आणि त्याचं नाव राहिलं माझ्या गळ्यात.

शेजारचा मर्व्ह हॅड्रिक आज फाटकाशी भेटला. म्हणाला, "बर्नी, हा कामाचा कुत्रा आहे. काम नसलं की असला कुत्रा वाया जातो. मला देऊन टाक. माझ्याकडे मेंढरं आहेत. तुझ्याकडे काय आहे?" मी म्हटलं, माझ्याकडे जन्मभर पोरांना सरळ केल्याचा अनुभव आहे. तो म्हणाला, "पोरांना सुट्टीची घंटा असते. याला काय आहे?"

शेवटी ठरलं ते असं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मर्व्ह चहाला येणार. तोवर बिशप माझ्या आज्ञेत आला, तर इथे राहील. नाही आला, तर त्याच दिवशी मर्व्हच्या पिकअपमध्ये बसून जाईल.

मला स्वतःला कुत्र्याचं काही पडलेलं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आणि मला बर्नी म्हटलेलं चालत नाही. बर्नाडेट.

४ ऑगस्ट, सोमवार

तीन आज्ञा निवडल्या: बस, थांब, ये. अर्धा तास सराव. बिशप शाळा-तपासनिसासारखा माझ्याकडे पाहत उभा राहिला आणि काहीही न बोलता निघून गेला.

दोष शिकवण्यात नाही, आधीच्या मास्तरात आहे. क्लेम शब्द वापरतच नसे. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी. डावीकडे जायची एक, उजवीकडची एक, मागे फिरायची एक. टेकडीपलीकडे ऐकू जायची. रानात चहा हवा असला की माझ्यासाठीही एक होती. तिला मी एकदाही ओ दिली नाही. मी काय कुत्रा आहे? तीनदा मारून पाहायचा, मग गुपचूप स्वतः घरी यायचा.

ते असो. उद्या आवाज चढवून पाहावा.

९ ऑगस्ट, शनिवार

गावच्या मैदानावर कुत्र्यांचा वर्ग भरतो, तिथे गेले. शिकवणारी कोण, तर टेगन लोव्हेल. माझ्याच वर्गातली. बुटाची नाडी बांधायला हिला वर्ष लागलं.

टेगन म्हणाली, "बाई, कुत्र्याने आपला मान राखावा असं वाटत असेल तर आधी आपण त्याचा राखायचा. हुकूम नंतर. आधी तो काय सांगतोय ते बघायचं."

मी म्हटलं, "टेगन, तू चौथीत काय सांगत होतीस ते मी बघत बसले असते, तर तू अजून चौथीतच असतीस."

सगळे हसले. तेवढ्या वेळात बिशपने वर्गातले सगळे कुत्रे, त्यांच्या मालकांसकट, गोलपोस्टच्या कोपऱ्यात नेऊन उभे केले होते. एका गृहस्थांच्या हातात चहाचा कप होता. सांडला नाही, हे खरं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहाट. इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळा; धुकं असं की अंगणातलं कुंपण दिसेना. शेततळ्याच्या बाजूने शिट्टी आली. दोन आखूड, मग एक लांब, शेवटी खाली उतरत गेलेली.

बिशपला घरी बोलवायची शिट्टी आहे ती. त्याने ऐकली. निदान एक कान हलवला. तो पळून जाऊ नये म्हणून मी गाउनवर क्लेमचा कोट चढवला आणि निघाले. फाटक मी उघडलं, कारण त्याला उघडता येत नाही. तो माझ्या मागून आला, मग वळसा घालून पुढे गेला आणि वाटेत आडवा पडला. पोट जमिनीला, डोळे माझ्यावर.

"बाजूला हो" म्हटलं. झाला नाही. पाय गारठले म्हणून मी परत फिरले. त्याच्यामुळे नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा. वारा असणार. पाण्याच्या टाकीच्या नळात वारा शिरला की असा आवाज होतो.

आज वारा नव्हता. पण कालचा अडकून राहिला असेल.

१५ ऑगस्ट, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण

फादरांना चर्चमध्ये एका आत्म्यासाठी प्रार्थनेची मिस्सा सांगितली. कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. खाजगी, असं सांगितलं. "क्लेमसाठीच ना?" म्हणाले. हल्लीच्या फादरांना काही पोच नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. सिस्टर अलोयसियसनी आम्हाला स्पष्ट शिकवलं होतं: मेलेल्यांचे आत्मे आपल्याकडे प्रार्थना मागतात. शिट्ट्या मारत नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार

मिस्सा झाली तरी शिट्टी झाली. आज जास्त जवळून. तळ्याकाठच्या पाइनच्या रांगेतून.

कुंपण तपासायला गेले. अंधारात कुंपण चांगलं तपासता येतं, हाताने. बिशप पुन्हा आडवा. मी डावीकडे गेले, तो डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. मग पाठीमागे जाऊन गुडघ्याच्या खोबणीत नाक खुपसायला लागला. हा निव्वळ उद्धटपणा आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ब्रिस्बेनहून जेरार्डचा फोन. मुलगा एरवी महिन्यातून एकदा फोन करतो, म्हणजे कुणीतरी चुगली केली.

"आई, तू पहाटे कुठे जातेस?"

मी विचारलं, कोण म्हणतं?

झालं होतं असं. मर्व्ह पहाटे पिकअप घेऊन चालला होता. धुक्यात माळावर क्लेमचा कोट चालताना दिसला. त्याने गाडी थांबवली, टोपी काढली आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. कोटामागे कुत्रा दिसला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मर्व्हसारखा माणूस, आणि भुताला घाबरतो. मी जेरार्डला म्हटलंसुद्धा. तो हसला नाही. गावात एक फ्लॅट बघून ठेवलाय म्हणाला. हीटर आहे, दवाखाना जवळ आहे. "कुत्रा मर्व्हकाकांकडे गेला की बघूच." कुत्र्यांना तिथे परवानगी नाही.

बिशप कुठेही जाणार नाही, असं मी सांगितलं. त्याची प्रगती उत्तम आहे, असंही सांगितलं.

उद्यापासून सराव दोन वेळा.

२७ ऑगस्ट, बुधवार

सराव एकही वेळ नाही. गुडघा.

शिवाय त्या मॅगपाय पक्ष्याने डोक्यावर झडप घातली. विणीचा हंगाम, गावात सगळ्यांवरच घालतात, पण याचा माझ्यावर विशेष राग आहे. क्लेम याला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत खिमा घालायचा. मी बंद केला. काळापांढरा, जाडा, आयतं खाऊन माजलेला पक्षी. रोज खिडकीत येऊन मान वाकडी करून आत बघतो, मालक कुठेत विचारल्यासारखा.

आता बाहेर जाताना आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घालते. इथे सगळेच घालतात. क्लेमच्या कोटावर तो डबा कसा दिसतो, याची चौकशी मर्व्हने करायचं कारण नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

फादर्स डे. इथे तो सप्टेंबरात असतो. जेरार्डचा फोन आला. दोघंही हवामानावर बोललो.

चहा दोन कप झाला. किटलीच दोन कपांची आहे. व्हरांड्यातल्या खिळ्यावरची क्लेमची टोपी अजून काढलेली नाही, कारण खिळा गंजलाय. टोपी ओढली तर भिंतीचा रंग निघेल.

शिट्टी संध्याकाळीही झाली. भर उजेडात. मी बटाटे सोलत होते. सुरी कुठे ठेवली कोण जाणे, अजून सापडलेली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

वर्ग. टेगनने विचारलं, "बाई, बिशप आपण होऊन काही करतो का? न सांगता?"

न सांगताच करतो, तीच तक्रार आहे, मी म्हटलं. रोज पहाटे मी कामाला निघाले की आडवा येतो. डोळे रोखून बघतो. गोल फिरून मागे जातो, ढकलत ढकलत मला व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आणतो. आणि मग पायरीवर पडून जीभ बाहेर काढून असा धापा टाकतो, की जणू यानेच मोठं काम केलं.

टेगनने बिशपकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, पहाटे कसलं काम असतं?"

मी म्हटलं, विषयांतर नको.

तिने जाताना माझा हात धरला. चौथीतही गणित आलं नाही की असंच करायची.

२१ सप्टेंबर, रविवार

एक आठवडा उरला.

आज बिशपला हूल दिली. मागच्या दाराने निघाले, कपडे वाळत घालायच्या तारेखालून, आणि तळ्यापर्यंत पोचले. पंप बघायचा होता. धुकं पाण्यावरच बसलेलं. शिट्टी अगदी समोरून. मी "आले" म्हटलं. कुणाला उद्देशून नव्हतं.

काठाची माती ओली होती. एक पाय गेला. बूट चिखलाने ओढून घेतला. तेवढ्यात मागून कोणीतरी कोट धरला, आणि एक क्षण मला वाटलं. काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. बिशप होता. खिसा फाटेपर्यंत ओढत राहिला, मी गवतावर बसेपर्यंत.

मालकाच्या कोटाला तोंड लावणं हा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा म्हणून रात्रीचं जेवण बंद. नंतर दिलं, मटण उरलं असतं.

बूट तळ्यातच आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या परीक्षा. रंगीत तालीम केली. "बस" म्हटल्यावर बिशप बसला. मी म्हणायच्या आधीच बसलेला होता, पण परीक्षकाला ते कळण्याचं कारण नाही.

चहाबरोबर खायला स्कोन, म्हणजे लोण्याचे छोटे पाव, भाजायला घेतले आहेत. मर्व्हच्या तोंडात स्कोन असला की तो बोलत नाही. फाटका खिसा शिवला. चिंतेचं कारण नाही.

झोप येत नाही, ते ओव्हनच्या उष्णतेने.

२८ सप्टेंबर, रविवार

जसं घडलं तसं लिहिते.

मर्व्ह आला. पिकअपवर मागे कुत्र्याचा पिंजरा, दार उघडं ठेवलेलं. म्हणजे निकाल ठरवूनच आला होता.

"बस" म्हटलं. बिशप उभा राहिला. "थांब" म्हटलं. माझ्याभोवती एक चक्कर मारली. "ये" म्हटलं. तो आधीच माझ्या पायाशी होता, त्यामुळे ही आज्ञा अर्धी धरावी असं मी सुचवलं. व्हरांड्यात बसून मर्व्हने चहा घेतला, मग उठून दोरी हातात घेतली. म्हणाला, "बर्नी, मी त्याला नीट ठेवीन. तुला माहीत आहे."

मी म्हटलं, माहीत आहे.

तेवढ्यात पाइनच्या रांगेतून शिट्टी झाली.

मर्व्हचं म्हणणं असं की मी कप हातात घेऊनच निघाले, पायऱ्या उतरले, फाटकाची कडी काढली. मला एवढंच आठवतं की पंप बघायचा राहिला होता. बिशप आडवा आला. पोट जमिनीला. मी वळले, तो वळला. मला त्याने एका रेषेत मागे आणलं. पायरी आली तसा पडला आणि धापा टाकायला लागला. कपातला चहा सांडला नाही.

मर्व्ह दोरी हातात घेऊन उभा. मग हळूच म्हणाला, "मॅगपाय आहे गं तो. तिकडे पाइनवर. क्लेमची नक्कल करतो. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

मी म्हटलं, मलाही माहीत आहे. कुत्र्याला माहीत नाही, म्हणून त्याच्या मागे जावं लागतं. ती त्याची शिट्टी आहे.

"त्याची नाही," मर्व्ह म्हणाला. "कुत्र्यांना क्लेमने कधी दुसऱ्यांदा शिट्टी मारली नाही. ते पहिलीलाच यायचे. पक्षी शिकणार ती, जी सारखी सारखी वाजते ती. ही चहाची आहे, बर्नी. तुझी."

मी त्याला दुसरा स्कोन दिला. त्याने खाल्ला नाही.

रिकाम्या पिंजऱ्याचं दार त्याने बाहेरून लावून घेतलं. म्हणाला, "माझ्या मेंढरांना बघायला दुसरे कुत्रे आहेत. याला इथे काम आहे." जेरार्डशी मी बोलतो, असंही म्हणाला. मग व्हरांड्यातल्या टोपीकडे बघून आपली टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेला.

एकंदरीत, बिशप परीक्षा पास झाला.

२९ सप्टेंबर, सोमवार

कालचा थोडा खिमा खिडकीबाहेर कठड्यावर राहिला. फ्रिजमध्ये जागा नव्हती.

पहाटे शिट्टी झाली. बिशप उठून माझ्याकडे बघत राहिला. मी व्हरांड्यात खुर्चीवर बसले. कोट घातला होता, पण थंडीसाठी.

दुसरी झाली. खुर्चीचे हात धरून ठेवले. बिशपने डोकं माझ्या उरलेल्या बुटावर ठेवलं.

बस, जमलं. थांब, जमलं.

तिसरी झाली. तिसरीनंतर क्लेम स्वतःच घरी यायचा. धुकं विरेपर्यंत आम्ही दोघं फाटकाकडे बघत बसलो.

मॅगपाय आला. खिमा खाऊन गेला.