भाऊजींच्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं, त्याची हकिकत

प्रिय ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

(वाकून म्हणजे खरोखर वाकून. पाठ अशी धरली आहे की गेले काही दिवस मी भेटेल त्याला नमस्कारच करतोय. कारण पुढे येईल.) तुझी तब्येत बरी असेल. गुडघ्याचं काय म्हणणं? भाचीची परीक्षा झाली का? भाऊजी कसे आहेत? जेवण नीट जातंय ना त्यांना? झोप लागते ना? (सहज विचारतोय.) फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतेस, आणि माझी खाजगी गोष्ट तुझ्या घरातल्या सगळ्यांना कुकरच्या शिट्टीसकट ऐकू जाते. म्हणून पत्र. आणि हे बघ, शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती एवढ्या एका पत्रापुरती आवर.

तर मी सर्च इंजिनच्या कंपनीत आहे हे तुला माहीत आहे. (शेजारचे काका 'इंजिन' ऐकून अजूनही मला रेल्वेत समजतात आणि गाड्यांची वेळ विचारतात. मी सांगतोही.) लोक काहीतरी लिहून विचारतात, आम्ही त्याचं उत्तर इंटरनेटवरून हुडकून द्यायचं, एवढाच आमचा धंदा. एके काळी बरा चालायचा. पण जग पुढे गेलं आणि आम्ही दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तसेच राहिलो. जे चटपटीत होते ते सगळे भाऊजींच्या कंपनीचं इंजिन वापरू लागले. आमच्याकडे उरले फक्त म्हातारे लोक. कुणीतरी कधी काळी त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचं इंजिन घालून दिलं होतं, ते काढायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमचे मालक सभांमधून त्यांना 'निष्ठावान ग्राहक' म्हणायचे.

आता हे निष्ठावान लोक लिहितात कसं? 'गुढगे फार दुकतात'. 'पेनशनचा दाकला कुटे'. एक आजी तर रोज सकाळी 'माजा चश्मा' एवढंच लिहितात, आणि चष्म्याशिवाय लिहितात. माझं काम म्हणजे त्यांनी काय लिहिलंय आणि त्यांना खरं काय हवंय, हे इंजिनाला शिकवायचं. वर्षानुवर्षं मी दुसरं काही केलं नाही. तुझ्या घरी चार माणसं जमली की भाऊजी आमचं इंजिन उघडून त्यात स्वतःचं नाव घालायचे आणि न्हाणीघराच्या फरशांचं दुकान आलं की सगळ्यांना दाखवायचे. पाहुणे हसायचे. तूही हसायचीस, पण तोंड फिरवून, हे माझ्या लक्षात आहे.

मग बातमी आली की आम्हाला विकत घेणार आहेत, आणि घेणारे दुसरे कुणी नसून भाऊजींची कंपनी आहे. आमच्या पाचावर धारण बसली. मोठी कंपनी लहान कंपनीला कशाला घेते? नाव पुसायला. आणि सर्च विभागाचे प्रमुख कोण? आपले भाऊजी. मला रात्रंदिवस फरशांचं दुकान दिसायला लागलं. त्यातून, बाहेर अवाक्षर काढायचं नाही अशा कागदांवर आमच्या सह्या घेतलेल्या. तशाच त्यांच्याही घेतल्या असणार. म्हणून त्या रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आलो तेव्हा दोघांचीही अळीमिळी गुपचिळी. मोरीच्या गळक्या नळावर आम्ही तासभर बोललो. वॉशर बदलावा की अख्खा नळ, यावर भाऊजींनी माझं मत विचारलं आणि मान्यही केलं. तुला वाटलं, मेहुण्यांचं शेवटी जमलं. ताई, त्या नळाकडे आमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

पाहणीला भाऊजींच्या कंपनीच्या मोठ्या बाई आल्या. सोबत एक वकील, तो अख्ख्या वेळात काही बोलला नाही आणि आमच्या खुर्चीचं हललेलं हँडल मात्र पुन्हापुन्हा हलवून बघत राहिला. आमची तयारी म्हणशील तर अशी: किटली लावली की फ्यूज उडतो, म्हणून चहा बंद. सर्व्हर जुन्या स्वयंपाकघरात आहेत, ते तापतात, म्हणून ते सांभाळणारी आमची मुलगी (तिला आम्ही 'अग्निशमन' म्हणतो) आत टेबलफॅन धरून उभी. मालकांच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि भिंतीतल्या प्लगची खोबण सैल. तो प्लग धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. मी टेबलाखाली वाकून, एका हातानं प्लग दाबून, बाईंच्या बुटांशेजारी. हात सुटला की लॅपटॉप बंद, लॅपटॉप बंद की आम्ही बंद. पाठ धरली ती इथे.

मालकांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. बाई जे सांगतील ते ते लिहीत होते, स्वच्छ, शुद्ध, काना-मात्रा सांभाळून. आणि आमचं इंजिन शुद्ध लिहिलेलं बघून गांगरलं. त्याला सवयच नाही गं! 'हृदयविकार' लिहिलं तर प्रेमपत्रं कशी लिहावीत ते आलं. मालक म्हणाले, कधी कधी असं होतं. बाई म्हणाल्या, हो का. खालून दाताच्या मशीनचा आवाज येत होता आणि मला तेवढा एकच सुखाचा वाटत होता.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि घेतला. पलीकडे त्यांची आई होती. घरी एकटी. आईनं चुकून भलत्याच पाकिटातल्या दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि आता घाबरून, चष्मा न लावता, पाकिटावरचं नाव वाचून दाखवत होती. मी टेबलाखाली, त्यामुळे मला चेहरा दिसत नव्हता, पण बाईंचा एक पाय थरथरायला लागला ते दिसलं. त्यांनी डॉक्टरांना लावून बघितलं, लागेना. मग आपल्याच फोनवर, आपल्याच कंपनीच्या इंजिनात, आईनं सांगितलं तसं नाव लिहिलं. आलं काय, तर शाळेच्या गणवेशांचं दुकान. (पडद्यांवरचं हे सगळं मला मालकांनी मागाहून सांगितलं.) पुन्हा लिहिलं. पुन्हा गणवेश. बाई आईला सांगत होत्या की काही होत नाही, मी बघतेय, तू बसून राहा, आणि आवाज अगदी शांत, ताई. नुसता पाय तेवढा हलत होता.

मग त्यांनी मालकांचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. वायर ताणली गेली. माझ्या हातातला प्लग निम्मा बाहेर आला, मी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोकं टेबलाला आपटलं, पण आवाज केला नाही. बाईंनी तेच नाव, तसंच वेडंवाकडं, लिहिलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. आतून अग्निशमनचा आवाज आला, तापलंय, फाईलनंही वारा घालतेय. कुणी हललं नाही. वकिलानंही हँडल सोडलं होतं. आणि मग उत्तर आलं. गोळीचं बरोबर नाव, ती कशाची, दोन घेतल्या तर काय. पोटदुखीची होती. झोप येईल, पाणी प्यावं, तरी डॉक्टरांना विचारावं. तेवढ्यात डॉक्टरांचाही फोन लागला आणि त्यांनी तेच सांगितलं.

बाईंनी आईला झोपायला सांगितलं, शेजारच्यांना बघायला पाठवलं, आणि फोन ठेवला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. "हे तुम्ही शिकवलंत का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी नाही, आमच्या म्हाताऱ्यांनी. त्या वकिलाला घेऊन निघून गेल्या.

पुढचे दिवस आमचा जीव टांगणीला. मालकांनी दाढी करणं सोडलं. अग्निशमन दुसरीकडे अर्ज टाकून आली आणि त्या अर्जात कंपनीच्या नावापुढे 'चालू' लिहू की 'बंद', असं मला विचारत बसली. शेवटी एका सकाळी बाई पुन्हा आल्या आणि आम्हाला मालकांच्या काचेच्या खोलीत एकेकाला बोलावू लागल्या. काचेची असल्यामुळे आतलं सगळं दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही. मालक आत गेले, बराच वेळ मान हलवत होते. बाहेर येऊन म्हणाले, मी सल्लागार झालो. (म्हणजे घरी बसायचं, आणि कुणी विचारलं तर सांगायचं. कुणी विचारणार नाही.) त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायला विसरले. इतकी वर्षं त्या माणसाला आम्ही मागून नावं ठेवली, पण त्या वेळी मला वाटलं, तो हात तिथेच राहू दे. अग्निशमन आत गेली ती डोळे पुसत बाहेर आली. तिला ठेवलं होतं, आणि खरी गार खोली देणार होते.

मला सगळ्यात शेवटी बोलावलं. बाईंनी बसायला सांगितलं. पाठीमुळे मी बसलो तो नमस्कार केल्यासारखा. त्या म्हणाल्या, तुम्ही राहताय, तुमचं इंजिन राहतंय, आणि तुम्ही आता त्याच्या विभागाचे प्रमुख. त्यानंतर त्या आणखी काही बोलल्या, पण ते फारसं महत्त्वाचं नाही.

तर असा सगळा आनंद आहे. पाठीला तेल लावतोय. तू गुडघ्याला जप. भाचीला आशीर्वाद, आणि भाऊजींना माझा नमस्कार सांग. जरा नीट सांग.

तुझाच
धाकटा

ता. क. : 'फारसं महत्त्वाचं नाही' असं वर लिहिलं ते खोटं आहे. ताई, एका कंपनीत दोन सर्च इंजिनं कशाला, असा त्यांचा हिशेब आहे. आमचं ठेवणार, म्हणजे त्यांचं बंद करणार. त्यांचा तो विभाग म्हणजे भाऊजींचा. येत्या पहिल्या तारखेपासून तो नाही. परवा फोनवर तू म्हणालीस की भाऊजी रोजच्यासारखे डबा घेऊन वेळेवर जातात, त्यावरून मी समजलो की तुला त्यांनी सांगितलेलं नाही.

ता. क. २ : हे ऐकून मी बाईंना सांगितलं की ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हे ते बोलले नाहीत. मग त्यांनी मला सांगितलं ते तुला तसंच लिहितो. आईच्या गोळ्यांचा प्रकार झाल्यावर त्या थेट भाऊजींकडे गेल्या होत्या आणि विचारलं होतं, आपल्याला हे का जमलं नाही. शंभर कारणं देता आली असती. भाऊजी म्हणाले, "त्यांचं आपल्यापेक्षा चांगलं आहे. आपलं बंद करा." आणि उठताना म्हणाले, तिथे चुकीच्या शब्दांवर काम करणारा एक जण आहे, त्याला जाऊ देऊ नका. ताई, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडावर मला कधी एक बरा शब्द दिला नाही. मी काचेच्या खोलीत होतो आणि बाहेरून सगळे बघत होते, म्हणून कसाबसा सावरलो.

ता. क. ३ : आता खरं काम. माझ्या विभागात एक मोठी जागा आहे. भाऊजींच्या बाबतीत मी काही ठरवणार नाही असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, मी ठरवते, मला ते हवे आहेत. पण ती जागा माझ्या हाताखालची आहे. मेहुण्याच्या हाताखाली भाऊजी? त्यांना विचारायला माझी जीभ रेटत नाही. तू विचार. दया म्हणून नको. मला त्यांची गरज आहे म्हणून सांग, आणि ते खरंच आहे. शुद्ध लिहिणाऱ्या माणसांचं काय करायचं हे आम्हाला कुणालाच कळत नाही.

ता. क. ४ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात भाऊजींचाच फोन आला. आधी नळाची चौकशी केली, म्हणजे माझ्या घरच्या नळाची. मग म्हणाले, "तुझ्या ताईला अजून काही सांगितलं नाही. तू सांगशील का?" मी म्हटलं, आत्ताच सगळं लिहिलंय. ते पुन्हा नळावर आले. मग विचारलं, रागावेल का? मी म्हटलं, रागावेल, दोघांवरही. ते म्हणाले, मग ठीक आहे. जागेचंही मी एका दमात सांगून टाकलं. त्यावर म्हणाले की विचार करतो, पण ऑफिसात मला भाऊजी म्हणायचं नाही. पत्र टपालात टाकू नकोस, मी येऊन घेऊन जातो आणि माझ्या हातानंच तिला देतो, असंही म्हणाले. तेव्हा ताई, वाचून झालं असेल तर मान वर कर. ते अजून उभेच असतील. त्यांना बसायला सांग.